जुनाट स्नायुदुखी आणि सांधेदुखीसाठी विद्युतोपचार : प्रथमच उपचार घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

तीन महिन्यांहून अधिक काळ गुडघा, कंबर, मान किंवा खांदा दुखत राहिला की रुग्णाला कधी ना कधी फिजिओथेरपीचा सल्ला मिळतो, आणि तेथे पोहोचल्यावर बहुधा पहिली गाठ पडते ती यंत्राशी. रुग्णांच्या बोलण्यात या उपचाराला 'करंट देणे', 'शेक' किंवा नुसतेच 'मशीन लावणे' म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव विद्युतोपचार. अंगाला तारा लावायच्या म्हटल्यावर काहींना धास्ती वाटते, तर काहींना दहा दिवस मशीन लावले की गुडघा कायमचा बरा होईल अशी खात्री वाटते, आणि या दोन्ही समजुतींनी रुग्णाचेच नुकसान होते. विद्युतोपचाराने वेदना काही वेळ शमते. त्या वेळात सांध्याची हालचाल आणि स्नायूंचा व्यायाम झाला, तर मिळालेला आराम कामी येतो. एरवी यंत्र बंद झाल्यावर काही तासांत दुखणे पूर्वपदावर येते. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : दुखणे कशाचे आहे हे आधी ठरवून घ्या

यंत्र लावण्यापूर्वी दुखण्याचे निदान डॉक्टरांकडून झालेले असले पाहिजे. गुडघ्याच्या कूर्चेची झीज, मान व कमरेचे जुनाट दुखणे, आखडलेला खांदा, स्नायूंमधील दुखऱ्या गाठी, फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा विकार) अशा तक्रारींमध्ये विद्युतोपचार वापरला जातो. मात्र वेदना दबली आणि तिच्यामागचा आजार तसाच वाढत राहिला, असे होता कामा नये. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता येणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर फिजिओथेरपीची वेळ न ठरवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पायातील ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, दुखण्याबरोबर ताप येत असेल वा वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असेल, पडल्यानंतर तीव्र वेदना सुरू झाली असेल, किंवा एखादा सांधा अचानक लाल व गरम होऊन सुजला असेल, तर आधी डॉक्टरांची तपासणी आणि मगच यंत्राचा विचार. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि त्याची सुरुवात साध्या पाठदुखीसारखीच होते, त्यामुळे संध्याकाळचा बारीक ताप आणि न थांबणारी पाठदुखी या जोडीकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

दुसरी पायरी : उपचार कोणाकडे घ्यायचा

फिजिओथेरपिस्टकडे फिजिओथेरपीची पदवी आणि अधिकृत नोंदणी असावी. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर शासकीय आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग असतात, मुंबईत के. ई. एम., नायर आणि शीव येथील रुग्णालयांत ते आहेत.

चांगल्या फिजिओथेरपिस्टची पारख पहिल्या भेटीतच होते. तो किंवा ती प्रथम आपले बोलणे ऐकून घेईल, सांधा किती वाकतो आणि स्नायूंत किती ताकद आहे हे पाहील, आपल्याला चालायला, खुर्चीतून उठायला किंवा हात डोक्यावर न्यायला सांगेल, आणि त्यानंतरच कोणते यंत्र, कशासाठी आणि किती दिवस हे ठरवेल. आत शिरताच पलंगावर झोपवून मशीन लावले जात असेल आणि तपासणीच्या आधीच वीस-तीस बैठकांचे पैसे एकरकमी मागितले जात असतील, तर दुसरा दवाखाना शोधलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'या यंत्रानंतर मला कोणते व्यायाम करायचे आहेत?' हा एकच प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा, कारण त्याच्या उत्तरावरून पुढच्या उपचाराचा बराचसा अंदाज येतो.

तिसरी पायरी : स्वतःविषयी काहीही न लपवता सांगा

विद्युतोपचार सामान्यतः सुरक्षित आहे, परंतु ही सुरक्षितता बऱ्याच अंशी रुग्णाने दिलेल्या माहितीवर अवलंबून असते. हृदयात पेसमेकर किंवा धक्का देऊन ठोके सुधारणारे उपकरण बसवलेले असेल, तर ते सर्वांत आधी सांगावे, कारण विद्युतप्रवाहामुळे किंवा यंत्रातून निघणाऱ्या लहरींमुळे त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो. गर्भारपण, किंवा गर्भ राहिल्याची नुसती शंकासुद्धा, संकोच न करता सांगावी. अशा वेळी पोटावर, ओटीपोटावर व कमरेवर हे उपचार टाळतात. अपस्मार, कर्करोग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, त्वचेवरील जखम किंवा इसब, चालू असलेला क्षयरोग या सर्वांची नोंद करून द्यावी.

शरीरात धातू असेल तर तोही सांगावा. हाड जोडण्यासाठी घातलेली पट्टी वा स्क्रू, बदललेला गुडघा किंवा खुबा, तांबी, श्रवणयंत्र यांपैकी काही गोष्टी एका यंत्राला चालतात आणि दुसऱ्याला मुळीच चालत नाहीत, त्यामुळे त्याचा निवाडा फिजिओथेरपिस्टवर सोपवावा.

मधुमेहाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावासा वाटतो. अनेक वर्षांच्या मधुमेहात तळपाय आणि पोटऱ्यांची संवेदना इतकी हळूहळू कमी होते की ती कमी झाली आहे हे रुग्णाच्या लक्षातही येत नाही, आणि ज्याला गरम लागत नाही त्याची त्वचा भाजेपर्यंत कोणालाच कळत नाही. म्हणून यंत्र लावण्यापूर्वी त्या जागी गरम-थंड आणि टोकदार-बोथट यांतला फरक कळतो का, ही चाचणी व्हायला हवी. ती घेतली गेली नाही, तर आपणहून आठवण करून द्यावी.

चौथी पायरी : कोणते यंत्र काय करते ते समजून घ्या

सर्वांत सुटसुटीत यंत्र म्हणजे टेन्स. त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून हे यंत्र विजेचे अतिशय लहान स्पंद सोडते आणि त्यांनी त्वचेखालच्या मज्जातंतूंना चेतना मिळते. ते काम कसे करते हे समजण्यासाठी १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलेला 'वेदनेच्या दाराचा' सिद्धांत उपयोगी पडतो. ठेच लागल्यावर आपण नकळत पायाचा अंगठा चोळतो आणि थोडे बरे वाटते, कारण स्पर्शाचे संदेश नेणारे जाड मज्जातंतू जागे झाले की मज्जारज्जूमध्ये वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवली जाते. टेन्स हेच काम विजेच्या स्पंदांनी करते. नेहमीच्या पद्धतीत स्पंदांचा वेग साधारण ८० ते १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके स्पंद, ठेवतात आणि त्यामुळे ठळक मुंग्या जाणवतात. दुसऱ्या पद्धतीत वेग २ ते ४ हर्ट्झइतका कमी आणि जोर जास्त असतो. त्याने स्नायू लयीत उडताना दिसतात आणि शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये स्रवण्यास मदत होते. अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या बराच काळ घेणाऱ्यांना ही दुसरी पद्धत कमी लागू पडण्याची शक्यता असते, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची यादी जवळ ठेवावी.

दवाखान्यात सर्रास दिसणारे दुसरे यंत्र म्हणजे आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी). ऑस्ट्रियातील हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस ही पद्धत पुढे आणली. यात चार पट्ट्या किंवा चार कप दुखऱ्या जागेभोवती फुलीच्या आकारात लावतात. एका जोडीतून समजा ४,००० हर्ट्झचा आणि दुसऱ्या जोडीतून ४,१०० हर्ट्झचा प्रवाह सोडला, की दोन्ही एकमेकांना छेदतात त्या ठिकाणी त्यांच्यातील फरकाइतकी, म्हणजे १०० हर्ट्झची लय तयार होते. एवढ्या वेगाच्या प्रवाहाला त्वचेचा विरोध कमी होतो, त्यामुळे टोचल्यासारखे न वाटता मोठ्या भागावर उपचार करता येतो. कंबर किंवा खुब्यासारख्या जागी ही सोय खरी आहे. मात्र आयएफटीचे यंत्र आकाराने मोठे आणि महाग आहे म्हणून त्याचा गुणही टेन्सपेक्षा मोठा असेल, असे समजून जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

अल्ट्रासाउंड हे नाव विद्युतोपचाराच्या यादीत येत असले, तरी त्यातून शरीरात वीज जात नाही, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी जातात. सोनोग्राफी आणि हे यंत्र या दोन्हींत ध्वनिलहरीच असल्या, तरी एकाचे काम चित्र काढणे आणि दुसऱ्याचे उपचार करणे, हा फरक लक्षात ठेवावा. १ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण तीन ते पाच सेंटिमीटर खोल पोहोचतात आणि ३ मेगाहर्ट्झच्या एक-दोन सेंटिमीटरपर्यंतच. म्हणून टाचेसाठी किंवा कोपरासाठी एक आकडा आणि नितंबाच्या खोल स्नायूंसाठी दुसरा निवडतात. लहरी हवेतून जाऊ शकत नसल्याने जेल भरपूर लावावे लागते, आणि यंत्राचे टोक सतत फिरवत ठेवावे लागते. टोक एकाच जागी थांबले किंवा हाडाजवळ खोल, तीक्ष्ण कळ आली, तर लगेच सांगावे.

एसडब्ल्यूडी (शॉर्ट वेव्ह डायथर्मी), म्हणजे ज्याला रुग्ण 'मोठा शेक' म्हणतात ते यंत्र, २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरींनी स्नायू आणि सांध्याच्या आतल्या ऊती तापवते. आखडलेल्या सांध्याला व्यायामापूर्वी मोकळे करण्यासाठी त्याचा उपयोग करतात. धातूच्या बाबतीत सर्वांत कडक नियम याच यंत्राचे आहेत, कारण लहरी धातूजवळ एकवटतात आणि तिथली त्वचा किंवा ऊती भाजतात. शरीरात धातू बसवलेला भाग, पेसमेकर आणि गर्भारपण या तिन्हींना हे यंत्र वर्ज्य आहे.

याशिवाय स्नायूला आकुंचन पावायला लावणारे प्रवाह असतात. दुखण्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू वापरलाच गेला नाही तर तो बारीक होतो, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो जणू हुकूम मानेनासा होतो; अशा वेळी या प्रवाहाने त्याला पुन्हा कामाला लावतात. रुग्णाने त्याच क्षणी स्वतःही स्नायू आवळण्याचा प्रयत्न करायचा असतो.

या यंत्रांविषयीचे पुरावे कसे आहेत, हे उपचार सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला ठाऊक असावे. ब्रिटनमध्ये उपचारांची शास्त्रीय छाननी करणाऱ्या 'नाइस' या राष्ट्रीय संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी आणि २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी दिलेल्या सूचनांमध्ये टेन्स, आयएफटी आणि अल्ट्रासाउंड देऊ नयेत असे म्हटले आहे, आणि व्यायामाला मुख्य उपचाराचे स्थान दिले आहे. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ साली गुडघा व खुब्याच्या झिजेसाठी टेन्सच्या विरोधात शिफारस केली. दुसऱ्या बाजूला, टेन्सवरील ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात यंत्र चालू असताना व बंद केल्यावर लगेच, प्रवाह न सोडणाऱ्या खोट्या यंत्राच्या तुलनेत वेदना कमी झालेली दिसली. फायब्रोमायल्जिया असलेल्या स्त्रियांवरील २०२० सालच्या एका अमेरिकी चाचणीत टेन्स लावून दैनंदिन हालचाली केल्यावर हालचालीच्या वेळची वेदना कमी झाली. हे सारे एकत्र वाचले तर मला त्यात विसंगती दिसत नाही. यंत्रामुळे थोड्या वेळापुरता आराम मिळतो याला आधार आहे, केवळ यंत्राने जुनाट दुखणे हटते याला नाही. म्हणून ज्या उपचारयोजनेत यंत्राशिवाय दुसरे काहीच नसते तिच्यावर वेळ आणि पैसा घालवू नये.

पाचवी पायरी : पहिल्या दिवशी दवाखान्यात

दुखरा भाग उघडा करता येईल असे सैल सुती कपडे घालून जावे. घरातून निघताना लावलेले तेल, बाम किंवा वेदनाशामक मलम पट्टी चिकटू देत नाही, शिवाय मलमातील तिखट द्रव्यांमुळे पट्टीखालची त्वचा चुरचुरते, म्हणून तो भाग साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करावेत. वस्तऱ्याने काढल्यास सूक्ष्म जखमा होतात आणि तिथे प्रवाह टोचतो.

एसडब्ल्यूडी ठरलेले असेल तर अंगावरचा धातू घरीच काढून ठेवणे सोयीचे. घड्याळ आणि अंगठी लक्षात राहते, पण मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, पैंजण, कमरेची किल्ली, पदराला लावलेली पिन, कपड्यांचे हूक आणि साडीची जर यांचा विसर पडतो. मोबाइल व श्रवणयंत्र दूर ठेवावे. घाम आला असेल तर पुसावा, कारण ओल्या त्वचेवर किंवा ओलसर कपड्यावर उष्णता एकवटून चटका बसतो.

यानंतर फिजिओथेरपिस्ट आपल्याला आरामशीर स्थितीत झोपवेल किंवा बसवेल. गुडघ्याखाली उशी, मान दुखत असल्यास कपाळाला आधार, असा प्रत्येक सांधा सैल पडला पाहिजे. वीस मिनिटे अवघडून बसावे लागले तर यंत्राने मिळवलेले तिथेच संपते. पट्ट्या लावून झाल्या की प्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवला जातो. आता काय आणि किती जाणवायला हवे, हे रुग्णाला नीट ठाऊक असले पाहिजे, कारण यंत्राचा आकडा माणसागणिक बदलतो आणि खरे मोजमाप रुग्णाच्या जाणिवेचेच असते.

येथे दोन वेगळे नियम आहेत आणि त्यांची गल्लत झाली की एकतर उपचार वाया जातो किंवा इजा होते. टेन्स आणि आयएफटीमध्ये मुंग्या ठळक, जोरकस जाणवल्या पाहिजेत, मात्र त्या दुखू नयेत. जेमतेम कळेल न कळेल इतक्या प्रवाहाचा विशेष उपयोग होत नाही, आणि अनेक रुग्ण भीतीने याच पातळीवर थांबतात. पाच-दहा मिनिटांनी शरीराला सवय होऊन मुंग्या मंदावतात. तेव्हा त्या पुन्हा ठळक होईपर्यंत प्रवाह वाढवून मागावा. उष्णतेच्या यंत्रांचा नियम याच्या अगदी उलट आहे. एसडब्ल्यूडीमध्ये सुखद, सौम्य ऊब एवढीच जाणीव योग्य. 'जितके गरम तितके गुणकारी' ही समजूत भाजण्याचे सर्वांत मोठे कारण ठरते. एखाद्याच बिंदूवर गरम, टोचरे किंवा जळजळीत वाटले, तर सौजन्य म्हणून सोसत राहू नये आणि लगेच हाक मारावी. यंत्र चालू असताना झोपू नये, वायर किंवा यंत्राला हात लावू नये, आणि हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर कोणी तरी आहे याची खात्री करून घ्यावी.

टेन्स व आयएफटीची बैठक बहुधा १५ ते ३० मिनिटांची असते, एसडब्ल्यूडीची १५ ते २० आणि अल्ट्रासाउंडची पाच ते दहा. पट्टी काढल्यावर फिकट लाली दिसणे स्वाभाविक आहे आणि ती थोड्या वेळात जाते. फोड, गडद लाल चट्टा किंवा दुसऱ्या दिवशीही राहणारी आग मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवावी आणि त्या जागी पुन्हा यंत्र लावू नये.

सहावी पायरी : यंत्र सुटल्यानंतरची वीस मिनिटे

सगळ्या उपचारात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि नेमका तोच सर्वाधिक वेळा गाळला जातो. मशीन सुटले, बरे वाटले, रुग्ण चपला घालून निघाला, असे घडते. वेदना शमलेली असताना सांधा अधिक सहज वाकतो आणि स्नायू न बिचकता काम करतात, म्हणून ठरवून दिलेले व्यायाम याच वेळी करावेत.

गुडघ्याच्या झिजेचे उदाहरण घेऊ. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळत गुंडाळी खाली दाबावी, पाच आकडे मोजेपर्यंत धरून सोडावी. असे दहा वेळा. त्यानंतर एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवत वीतभर वर उचलावा, थोडा थांबवून सावकाश खाली आणावा. हे जमू लागले की हाताचा आधार न घेता उंच खुर्चीतून उठणे-बसणे सुरू करावे आणि काही आठवड्यांनी खुर्चीची उंची कमी करावी. कमरेसाठी, मानेसाठी आणि खांद्यासाठी व्यायाम वेगळे असतात आणि ते तपासणीनंतर प्रत्यक्ष शिकूनच करावेत. व्यायामाच्या वेळी थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे वाढलेलेच राहिले, तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करावे. दुखणे शमले आहे म्हणून मात्र त्याच दिवशी घराचे माळे आवरायला काढणे किंवा जड पिशव्या उचलणे टाळावे.

सातवी पायरी : घरी टेन्स वापरायचे असेल तर

या यंत्रांपैकी घरी वापरण्यास योग्य असे बहुधा एकच, टेन्स. दवाखान्यात दोन-चार वेळा लावून आराम पडतो हे पाहिल्याशिवाय ते विकत घेऊ नये. स्पंदांचा वेग, स्पंदाची रुंदी (एक स्पंद किती काळ टिकतो) आणि जोर हे तिन्ही बदलता येतील आणि वाचता येतील असे, पट्ट्यांच्या दोन जोड्यांचे यंत्र निवडावे. वेष्टनावर निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक असावा. 'मसाजर' या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या काही यंत्रांवर कोणताच आकडा नसतो, त्यामुळे आपण काय घेत आहोत हे ना रुग्णाला कळते ना फिजिओथेरपिस्टला.

सुरुवातीला वेग ८० ते १०० हर्ट्झ आणि रुंदी १०० ते २०० मायक्रोसेकंद ठेवावी. यंत्र बंद असतानाच पट्ट्या लावाव्यात. गुडघ्यासाठी वाटीच्या वर दोन आणि खाली दोन अशा पट्ट्या चिकटवून दोन्ही जोड्या फुलीसारख्या तिरप्या जोडाव्यात. कमरेसाठी मणक्याच्या दोन्ही बाजूंना, दुखऱ्या भागाच्या वर-खाली लावाव्यात. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटता कामा नयेत, त्यांच्यात किमान दोन-तीन बोटांचे अंतर असावे. मग यंत्र सुरू करून जोर हळूहळू वाढवावा. अर्धा ते एक तास पुरे. दिवसातून अनेकदा लावायचे असल्यास मध्ये विश्रांती घेऊन त्वचा पाहावी आणि पट्टीची जागा किंचित बदलावी. यंत्र लावूनच घरात चालणे, उभ्याने स्वयंपाक करणे किंवा वर दिलेले व्यायाम करणे शक्य असते आणि टेन्सचा सर्वांत चांगला उपयोग मला तोच वाटतो. रोज त्याच वेगाने आणि त्याच जोराने वापरल्यास काही दिवसांत परिणाम घटू लागतो, म्हणून वेग आपोआप बदलत राहण्याची सोय असेल तर ती सुरू करावी.

गळ्याची पुढची बाजू, डोळे, डोके, छातीच्या आरपार आणि जखम झालेली किंवा बधिर त्वचा या ठिकाणी टेन्स कधीही लावू नये. गळ्याजवळ लावल्यास रक्तदाब अचानक घसरण्याचा किंवा स्वरयंत्र आवळण्याचा धोका असतो. वाहन चालवताना, आंघोळीच्या वेळी आणि झोपेत ते वापरू नये. काढताना आधी जोर शून्यावर आणून यंत्र बंद करावे आणि मग पट्टीची कड धरून ती सोडवावी, वायर ओढू नये. पट्ट्या ज्याच्या त्याने वापराव्यात. वापरानंतर मूळ प्लास्टिकवर चिकटवून बंद पिशवीत ठेवल्यास त्या जास्त टिकतात, आणि कडा उचलल्या जाऊ लागल्या की बदलाव्यात, कारण अर्धवट चिकटलेल्या पट्टीखाली सगळा प्रवाह लहानशा जागेत एकवटून टोचतो. पट्टीच्या आकाराची खाजरी लाली पुन्हा पुन्हा येत असेल, तर चिकटद्रव्याची ॲलर्जी असू शकते. वेगळ्या प्रकारच्या पट्ट्या मागाव्यात.

आठवी पायरी : उपयोग होतो आहे का, हे मोजा

एका वहीत तीन नोंदी पुरतात. शून्य ते दहा या मापावर यंत्रापूर्वीचे आणि यंत्रानंतरचे दुखणे लिहावे, मात्र ते पडून असताना मोजू नये. जिना उतरताना, जमिनीवरून उठताना किंवा वेणी घालताना, म्हणजे जी हालचाल आपल्याला अडते तिच्यात मोजावे. आराम किती तास टिकला हे दुसरे, आणि आठवड्यातून एकदा, न थांबता किती चालता आले किंवा किती पायऱ्या चढता आल्या, हे तिसरे.

चार ते सहा बैठकांत यंत्रानंतर काहीच फरक पडत नसेल, तर पट्ट्यांची जागा, वेग आणि जोर बदलून पाहायला सांगावे. त्यानंतरही आकडे हलले नाहीत, तर ते यंत्र थांबवून व्यायामाला जास्त वेळ द्यावा. आराम मिळतो पण तिसरी नोंद तीन-चार आठवड्यांत पुढे सरकत नाही, तर दोष बहुधा व्यायामाच्या प्रमाणात असतो. ही वही दाखवून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नव्याने आखून घ्यावेत. दुखणे वाढत गेले, नवी बधिरता आली किंवा पहिल्या पायरीतील कोणतेही लक्षण दिसले, तर वहीसह डॉक्टरांकडे जावे. आणि तिन्ही नोंदी सुधारत असतील, तर दवाखान्यातील बैठका आठवड्यातून तीनवरून दोन, मग एक अशा कमी कराव्यात, व्यायाम चालूच ठेवावा, आणि घरी टेन्स असल्यास ते दुखणे उसळेल त्या दिवसांसाठी हाताशी ठेवावे.